तिवरावरच्या मुंग्या कशा बघायच्या आणि कशा नोंदवायच्या

ठाणे खाडीच्या काठावर ऐरोलीला लोक जातात ते फ्लेमिंगोसाठी, आणि बरोबरच आहे, पण पाऊस आला की बहुतेक फ्लेमिंगो निघून जातात, बोट भरतीच्या वेळेवर सुटते आणि बुकिंग मिळेलच असं नाही. मुंग्या मात्र बारा महिने तिथेच असतात, तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाच्या, खोडावर, तुमच्या नाकापासून फूटभर लांब. त्यांच्यासाठी दुर्बीण नको, बोट नको. लागतं काय तर भरतीचं टाइमटेबल, मोबाइल, एक छोटी वही आणि एका झाडासमोर दहा मिनिटं गप्प उभं राहायची तयारी, आणि यातली शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मी हे सगळं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. 2015 मध्ये ते जाहीर झालं, साधारण 1690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर खारफुटी, 2022 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे. तुम्ही गोव्याचे असाल तर रायबंदरहून फेरीबोट पकडून चोडणच्या सलीम अली अभयारण्यात जा, कोकणातले असाल तर तुमच्या गावची खाडी आहेच. पद्धत तीच, झाडं थोडी बदलतील.

आता मुंग्याच का, आणि खारफुटीवरच का. तर आपल्या बागेतल्या मुंग्या बहुतेक जमिनीत घर करतात, झाडावर फक्त कामाला चढतात. खारफुटीत दिवसातून दोनदा जमीनच पाण्याखाली जाते, मग राहणार कुठे? जी काही वस्ती आहे ती वरच, पोकळ वाळक्या काटकीत, सालीच्या फटीत, पानं जोडून केलेल्या घरट्यात, नाहीतर फांदीला चिकटवलेल्या कागदी घरट्यात. म्हणून इथे मुंगीचं नाव कळण्याआधी तिचा पत्ता कळणं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणजे कुठलं झाड, पाण्याच्या खुणेपासून किती वर, घर कशात. नाव नंतर कोणीतरी फोटो बघून सांगेल, पत्ता तुम्ही तिथे उभं राहून लिहिला नाहीत तर नंतर कोणीच सांगू शकत नाही. नवीन लोक नेमकं याच्या उलट करतात, शंभर क्लोजअप काढतात आणि एकाही फोटोबरोबर झाड कुठलं ते नसतं.

खारफुटीचं प्रत्येक बेट म्हणजे एक छोटं जग, हे शास्त्रज्ञांनी फार आधी ओळखलं. 1966-67 च्या सुमाराला एडवर्ड विल्सन आणि डॅनियल सिंबर्लॉफ यांनी अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला खारफुटीची छोटी छोटी बेटं चक्क तंबूने झाकून, आत विषारी वायू सोडून सगळे किडे मारले आणि मग कोण कोण परत येतं ते मोजत बसले. वर्षभराच्या आतच बहुतेक बेटांवर किड्यांच्या जातींची संख्या जवळपास पूर्वीइतकी झाली होती. आपल्याला असलं काही करायचं नाहीये हे सांगायला नको, पण सांगतो.

कारण अभयारण्य म्हणजे अभयारण्य. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि त्यात अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, मुंगीसुद्धा. आत जायचं ते तिकीट किंवा परवानगी घेऊन, बोर्डवॉक, म्हणजे चिखलावर बांधलेली पायवाट, सोडून चिखलात उतरायचं नाही. चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी जी मुळं वर आलेली दिसतात ती तिवराची श्वास घ्यायची मुळं, पाय पडला की मोडतात, आणि चिखल तर तुम्हाला गुडघ्यापर्यंत आत घेतो तो वेगळाच. बाटल्या, अल्कोहोल, चिमटा यातलं काही नेऊ नका, गार्डने बॅग उघडली तर उगाच समजावत बसावं लागेल. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी खरंच नमुने हवे असतील तर कॉलेजातल्या गाइड सरांमार्फत वनखात्याकडे लेखी अर्ज, आणि तो भरपूर आधी.

वेळेचं गणित आता. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला, बरंच कमी. आपल्याकडचा जुना हिशोब माहीत असेल, तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती आणि मध्ये सकाळी नऊच्या सुमाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, सुकती बाराला. हा अंदाज आहे, आणि खाडीत जसजसं आत जाल तशी वेळ अजून थोडी पुढे सरकते, त्यामुळे निघायच्या आधी छापील तक्ता किंवा ॲप बघा, पण रविवार कुठला घ्यायचा हे ठरवायला पाऊणपट पुरते. माझं मत विचाराल तर तृतीया-चतुर्थीच्या आसपासची सकाळ सगळ्यात बरी, आठला पोचा, खोड बुडापर्यंत उघडं असतं, ऊन चढायच्या आत काम होतं. दुपारच्या उन्हात बऱ्याच मुंग्या आत बसतात आणि तुम्ही वहीत शून्य लिहून येता जे खरं नसतं.

पण एकदा तरी मुद्दाम पाणी चढत असताना जा. बोर्डवॉकवर उभं राहून एकच खोड बघत राहा. खाली चिखलाजवळ शिकार शोधणाऱ्या मुंग्या पाण्याबरोबर वर सरकत जातात, रांग तुटते, परत जुळते. कोण किती वर जाऊन थांबतं ते लिहा. ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या खारफुटीत एक कॅम्पोनोटस अँडरसेनी म्हणून मुंगी आहे, ती फांदीतल्या पोकळीत राहते आणि भरती आली की एक मुंगी दारात डोकं घालून भोक बंद करते, पाणी आत येत नाही पण आतला कार्बन डायऑक्साइड प्रचंड वाढतो, तरी तग धरतात. तिथलीच पॉलिरॅकिस सोकोलोवा तर चिखलातच घर करते, बोळांमध्ये हवा अडकून राहते त्यावर भरतीचा वेळ काढते, आणि पाण्यावर पोहतेसुद्धा. या दोन्ही तिकडच्या, इथे शोधत बसू नका, पण भरतीच्या वेळी वाळक्या काटकीचं भोक बघायला काय हरकत आहे.

झाडं ओळखायला फार वेळ लागत नाही. ठाणे खाडीत बहुतांश तिवरच आहे, पान खालून पांढुरकं, वरून बोट फिरवून चाटलं तर खारट. चिप्पीच्या फांद्या खाली लोंबतात आणि गोल फळाच्या टोकाला काडी असते, पांढरी चिप्पी 2020 पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. कांदळाची मुळं खोडातून कमानी करत खाली येतात, ते कोकणात आणि गोव्यात जास्त भेटेल. गेवा दिसला तर हात लावू नका, पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यात गेला तर डॉक्टर गाठावा लागतो. आणि काठावर, जिथे पाणी क्वचितच पोचतं तिथे भेंडाचं झाड असेल तर ते सोडू नका. भेंडाच्या पानाखाली मधल्या शिरेच्या बुडाशी बारीक ग्रंथी असते, तिच्यातून गोड रस येतो, त्यामुळे फुलं नसली तरी मुंग्या हमखास. सुरुवात मी तिथूनच करायला सांगेन, हात बसतो.

आता प्रत्यक्ष काम. दहा झाडं निवडा, एकमेकांपासून अंतर ठेवून, जमलं तर वीस. निवडताना एक फार महत्त्वाची गोष्ट, ज्या झाडाची फांदी बोर्डवॉकच्या रेलिंगला टेकलीय ते झाड वेगळं लिहा. रेलिंग म्हणजे मुंग्यांसाठी कायमचा कोरडा पूल झाला ना, लोक वेफर्स सांडतात, डस्टबिन असतात, तिथून वेडी मुंगी, टॅपिनोमा वगैरे शहरी मंडळी सरळ झाडावर चढतात आणि तुम्ही खूश होता की या तिवरावर पाच जाती मिळाल्या. त्यातल्या तीन बोर्डवॉकच्या असतात. रेलिंगवरच्या मुंग्यांचं पान वेगळं, झाडावरच्यांचं वेगळं. झाडावर खूण म्हणून रिबीन, खडू, खिळा काही नको, मोबाइलवर लोकेशन पिन आणि झाडाचा एक पूर्ण फोटो पुरे, पुढच्या वेळी तेच झाड सापडतं.

एका झाडाला दहा मिनिटं. खोडावर चिखलाचा पट्टा आणि शेवाळ जिथे संपतं ती भरतीची खूण, तिथून मोजायचं. खुणेच्या खाली, खुणेपासून खांद्यापर्यंत, आणि खांद्याच्या वर, असे तीन भाग करा. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही, मग एक मुंगी दिसते, मग तिच्या मागे नजर गेली की रांग दिसते, आणि रांग कुठे जाते ते शोधलं की घर. फांद्यांची वाळकी टोकं बघा, त्यात टाचणीच्या डोक्याएवढं भोक असेल तर थोडं थांबा. मोडून बघू नका. अंगाला मच्छरचं क्रीम लावा, लावायलाच लागेल, पण बोटांना नको, त्या हाताने फांदी धरलीत तर मुंग्या तिकडे फिरकत नाहीत.

आमिष लावायची पद्धत पुस्तकात असते, गुळाचं पाणी आणि मासा कार्डावर ठेवून अर्ध्या तासाने कोण आलंय ते बघायचं. अभयारण्यात परवानगीशिवाय हे करू नका. सोसायटीतल्या आंब्यावर किंवा भेंडावर करा, एका कार्डावर गूळ, दुसऱ्यावर चिमूटभर सुकट, सवय होते आणि गोडाची मुंगी कोण, माशाची कोण हे कळतं. जमिनीत ग्लास पुरून मुंग्या पकडायची जी पद्धत जंगलात चालते ती इथे पूर्ण बाद, पहिल्या भरतीत ग्लासात मुंगीऐवजी चिखल. छत्री उलटी धरून फांदी झटकायची पद्धत चांगली आहे पण गार्डला विचारूनच.

कोण कोण भेटू शकतं ते आता. सगळ्यात आधी कंबर बघायची, पोट आणि छातीच्या मधे एक गाठ आहे की दोन. मोबाइलला क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावली की हे दिसतं, महागाची गरज नाही.

हुमले, म्हणजे ओंबील, विणकर मुंगी, ओइकोफिला स्मॅरॅग्डिना. तांबूस, सडपातळ, लांब पायांची, मोठी कामकरी साधारण 8 ते 10 मिलिमीटर, एक गाठ. पानं ओढून जवळ आणतात आणि अळ्यांना तोंडात धरून त्यांच्या रेशमाने शिवतात, मोठ्या मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही. डंख नाही पण चावून जखमेवर ॲसिड सोडतात, कोकणात आंब्यावर चढलेल्यांना सांगायची गरज नाही. घरटी मोजा, उंची लिहा, हात लावू नका.

क्रेमॅटोगॅस्टर. बारीक, तपकिरी किंवा काळी, दोन गाठी, आणि पोट पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. डिवचलं की पोट पाठीवरून पुढे वळवते, ही खूण दुरूनही ओळखता येते. जंगलात यांचीच काही भावंडं झाडावर मोठी कागदी गोळ्यांची घरटी करतात, पागोडा मुंगी म्हणतात ती. खारफुटीत साल, भोकं, वाळकं लाकूड तपासा, आणि फांदीवर बारीक कागदी मांडव दिसला तर त्याच्याखाली बहुतेक वेळा खवले किडे पाळलेले असतात, त्यांचा गोड रस या मुंग्या पितात. जातीचं नाव फोटोवरून सांगायचा हट्ट करू नका, क्रेमॅटोगॅस्टर एवढंच लिहा, तज्ज्ञांनाही सूक्ष्मदर्शक लागतो.

टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. डोकं काळं, मधला भाग नारिंगी-तांबडा, पोट काळं, सेंटिमीटरभर लांब, मोठे डोळे, एकटी एकटी फिरते. दिसायला फार सुंदर आणि डंख भयानक, खोडाला टेकून उभं राहायची सवय असेल तर ती मोडा. तिचीच छोटी काळी बारीक बहीण टेट्रापोनेरा अलाबोरन्स पोकळ काटक्यांत असते, सुईएवढी जाड, पटकन फांदीच्या मागे जाते.

मुंगळा, कॅम्पोनोटस कंप्रेसस, सगळ्यांना माहीत आहे, घर सहसा जमिनीत, म्हणून बांधाजवळच्या झाडांवर जास्त आणि आत खाडीकडे कमी. ही उतरण तुमच्या वहीत दिसते का ते बघा, दिसली तर मजा येते. अंगावर काटे असलेली काळी मुंगी दिसली तर पॉलिरॅकिस, बाजूने फोटो घ्या म्हणजे पाठीवरचे आणि कंबरेवरचे काटे येतात. दीड-दोन मिलिमीटरची, डोकं काळं आणि पोट फिकट, नीट बघितल्याशिवाय दिसतच नाही ती टॅपिनोमा मेलानोसेफलम. लांब मिशा, वेड्यासारखी वाकडीतिकडी पळणारी ती पॅराट्रेकिना लॉन्जिकॉर्निस, वर वेडी मुंगी म्हटलं ती हीच. मोनोमोरियम फ्लोरिकोला पण टॅपिनोमाएवढीच बारीक, डोकं-पोट गडद आणि मधला भाग फिकट, सावकाश रांगेत चालते.

फसवणारेही आहेत. हुमल्यांच्या रांगेजवळ एखादा हुमला जरा वेगळा चालतोय, पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवतोय असं वाटलं तर पाय मोजा. आठ निघाले तर तो कोळी, मुंगीचं सोंग घेतलेला, धाग्यावर लोंबला की खात्रीच. काही ढेकणांची पिल्लंही अशीच मुंगीसारखी असतात, त्यांना सोंड असते, जबडा नाही.

वहीत नोंद अशी करा, तारीख, तिथी, भरतीची वेळ, झाड नंबर चार, तिवर, रेलिंगला टेकलेलं नाही, खुणेखाली काही नाही, मधल्या भागात क्रेमॅटोगॅस्टरची रांग, वर टेट्रापोनेरा एक, वाळक्या काटकीत भोक, पानं थोडी खाल्लेली. बस. काही मिळालं नाही तर "काही नाही" हेही लिहायचंच, रिकामं झाड ही पण माहिती आहे आणि लोक नेमकं तेच गाळतात.

आणि मुंग्या मोजू नका, झाडं मोजा. हे मी वारंवार सांगतो कारण प्रोजेक्टवाले हमखास इथे घसरतात. एका रांगेत तीनशे मुंग्या आहेत म्हणून ती जात तीनशेपट जास्त होत नाही, ते एकच घर असतं. त्या तीनशेचा आकडा घेऊन शॅनन इंडेक्स, म्हणजे विविधतेचा आकडा, काढला की उत्तर येतं पण त्याला अर्थ नसतो, रांगेजवळ उभे राहिलात की विविधता कमी आणि लांब उभे राहिलात की जास्त. त्याऐवजी वीसपैकी किती झाडांवर ती जात दिसली एवढंच धरा. मग अजून किती जाती सुटल्या असतील त्याचा अंदाजही काढता येतो, चाओ-2 नावाचं सूत्र आहे, एकाच झाडावर मिळालेल्या जातींचा वर्ग भागिले दोन झाडांवर मिळालेल्या जातींची दुप्पट, आणि हे एकूण जातींत मिळवायचं. समजा एकूण 9 जाती, त्यातल्या 4 फक्त एकेका झाडावर, 2 जाती दोन-दोन झाडांवर, तर 16 भागिले 4 म्हणजे 4, एकूण अंदाज 13. म्हणजे निदान चार तरी अजून सुटल्यात, परत जा.

झाडावर झाड बघत गेलात की अजून एक गोष्ट लक्षात येते, हुमल्यांचं झाड आणि क्रेमॅटोगॅस्टरचं झाड सहसा वेगळं असतं, दोघीही दादा, एका झाडावर पटत नाही. म्हणून कोण कोणाबरोबर दिसलं याचा एक साधा तक्ता केला तर जातींच्या यादीपेक्षा जास्त कळतं. पानं किती खाल्लीत हे लिहायला सांगितलं तेही याचसाठी. थायलंडमध्ये फुकेटच्या कांदळांवर असं दिसलं की हुमले असलेल्या झाडांची पानं कमी खाल्ली जातात, आणि बालीत कांदळावरच्या खवले किड्यांना मुंग्यांनीच आवरलेलं दिसलं. म्हणजे एक मुंगी खवले किडे पाळते, दुसरी खाते, झाडाला फायदा की तोटा हे कोण राहतंय त्यावर.

आपल्याकडे हे बघायची भारी संधी पावसाच्या शेवटाला येते. हिब्लिया प्युएरा, सागाची पानं खाणारा तोच सुरवंट, तिवरावर येतो आणि काही दिवसांत झाडं नुसती काड्या करून टाकतो. पेपरात खारफुटी वाळली म्हणून बातमी येते, बहुतेक वेळा झाडांना परत पालवी फुटते. त्या दिवसांत तुमच्या दहा झाडांपैकी कुठलं हिरवं राहिलं आणि त्याच्यावर मुंग्या कुठल्या होत्या हे बघायचं, आणि ते बघता येण्यासाठी ऑगस्टच्या आधीची नोंद हातात हवी. सुरवंट आल्यावर धावत जाऊन काही कळत नाही.

फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकताना एका मुंगीचे तीन टाका, वरून, बाजूने आणि समोरून डोकं, चौथा झाडाचा. शेऱ्यात झाडाचं नाव आणि भरतीच्या खुणेपासूनची उंची मराठीत लिहिली तरी चालते.